बळीअण्णांची पायपेटी

बळीअण्णांच्या वर्गात पेटीला बसायच्या आधी पाय धुवावे लागत. हात धुतले नाहीत तरी चालायचं. भूमच्या हायस्कूलच्या मागं पाण्याची टाकी आहे, तिला तीन नळ आहेत. संध्याकाळी पाचच्या सुमाराला त्या नळांपाशी पाच-सहा मुलं-मुली चपला काढून पाय धूत उभी दिसली, की आज पेटीचा वर्ग आहे हे समजायचं. माझं घर शाळेच्या कुंपणाला लागून आहे आणि आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून टाकी दिसते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ही काही पूजा असावी असं वाटलं होतं. मी अण्णांना विचारलं, तर म्हणाले, "हातानं वाजवायच्या पेट्या गावात पन्नास हायेत. ही पायानं वाजती. मग पायाला काय मान हाय का न्हाय?"

ही पेटी म्हणजे पायपेटी. शहरात तिला ऑर्गन म्हणतात. दिसायला लहानशा टेबलासारखी, वर पट्ट्या, खाली दोन पायडल. पायानं आळीपाळीनं पायडल दाबून भात्यात हवा भरायची आणि दोन्ही हातांनी वाजवायचं. कुणा नाटकवेड्या मुख्याध्यापकांनी ती फार पूर्वी शाळेत आणली होती. ते गेल्यावर तिच्यावर नकाशे ठेवले जाऊ लागले, मग नकाशांवर खडूची खोकी. अण्णा एसटीच्या आगारातून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले, त्या वर्षी शाळेनं त्यांना पाण्याची मोटर पाहायला बोलावलं. मोटर अर्ध्या तासात सुरू झाली. पाना ठेवायला जागा शोधताना त्यांना खोक्यांखाली ही पेटी दिसली, आणि पुढची आठ वर्षं ते शाळेत येत राहिले.

आत उंदरांचं घर होतं, तेही सहामाहीच्या उत्तरपत्रिका कुरतडून केलेलं. भाता फाटून चिंध्या झाला होता. अण्णांना हातपेटी दुरुस्त करता यायची, कारण लहानपणापासून ते भजनी मंडळात बसत. पण पायपेटी त्यांनी कधी उघडली नव्हती. एकेक पट्टी काढून, तिच्यावर खडूनं आकडा घालून, त्यांनी ती अंगणात सतरंजीवर मांडली. नवा भाता केला तो बसच्या सीटला लावतात तसल्या रेक्झिनचा. बेचाळीस दिवस लागले. पेटी वाजली तेव्हा शिपाई म्हणाला, अण्णा, हॉर्न लई गोड बसवलाय.

शिकवण्याची पद्धतही त्यांचीच होती. पहिला महिनाभर पट्टीला बोट लावायचं नाही. नुसते पाय चालवायचे. अण्णा पेटीच्या लाकडावर बोटानं ठोका द्यायचे आणि मुलं मुक्या पेटीवर पाय मारत बसायची. "आदी हवा, मग सूर," हे त्यांचं वाक्य मी खिडकीतून किमान हजारदा ऐकलं असेल. ज्याला महिनाभर धीर धरवत नसे तो दुसऱ्या आठवड्यातच क्रिकेटकडं जाई. जी मुलं राहिली, त्यांचे पाय अण्णांनी पक्के केले. ही गोष्ट पुढं फार महत्त्वाची ठरली म्हणून आधीच सांगून ठेवतो.

अण्णांचा पेहराव म्हणजे खाकी पँट आणि पांढरा शर्ट. निवृत्तीच्या वेळी खाकी पँटी सहा होत्या असं त्यांनी मला सांगितलं होतं. मी मोजायला लागलो तेव्हा चार उरल्या होत्या. मला ते 'मोजणीसायेब' म्हणत, कारण मी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीला आहे. बांधाचे वाद मिटवायला लोक मला नेतात आणि टेपनं जे निघेल ते मी सांगतो. अण्णा हसायचे. "सायेब, बांध कितीबी सरळ आला तरी भांडण वाकडंच ऱ्हातं का न्हाय?" बहुतेक वेळा ते खरंच निघायचं.

त्यांना ऐकू कमी यायचं. छत्तीस वर्षं इंजिनाशेजारी उभं राहिलेल्या माणसाचं दुसरं काय होणार. बोलताना ते उजवा कान पुढं करायचे. घरी टीव्ही इतका मोठा लागायचा की त्यांची सून दुपारी शेजारी जाऊन बसे. पण पेटी त्यांना ऐकू यायची, चुकलेली पट्टी बरोबर कळायची. म्हणून कुणी पुढचा विचार केला नाही. मीही केला नाही.

चार-पाच वर्षांपूर्वी धाराशिवला एका संगीतप्रेमी मंडळानं आठवी ते दहावीच्या मुलांसाठी ऑर्गनवादनाची स्पर्धा सुरू केली. जिल्ह्यात मोजक्या शाळांतच पायपेटी होती, त्यामुळं स्पर्धक आठ-दहाच असायचे. पहिल्या फेरीत आठ मिनिटं आपल्या आवडीचा राग वाजवायचा. त्यातून तीन जण निवडायचे. दुसऱ्या फेरीत त्या तिघांनी मंडळाच्या गायकाला साथ करायची. अण्णा दरवर्षी एका मुलाला घेऊन जायचे आणि दरवर्षी आमचं मूल पहिल्याच फेरीत बाहेर पडायचं. परीक्षक प्रत्येकाला शेरा लिहून देत. आमच्या मुलांचा शेरा चार वर्षं जवळपास एकच होता: पायांची घाई, हवेवर ताबा नाही, सूर फुगतो.

हा शेरा अण्णांना झोंबायचा. पाय हीच तर त्यांची सारी शिकवण. परतीच्या बसमध्ये ते मुलाला बोलायचे. पहिल्या वर्षी अर्चना नावाची मुलगी गेली होती, तिला म्हणाले, "तुला लयच न्हाय पोरी. उगं माजा आन तुजा येळ गेला." ती परत वर्गात आली नाही. दुसऱ्या वर्षीच्या सचिनला आणि तिसऱ्या वर्षीच्या फिरोजला म्हणाले, तुमच्या पायात भीती आहे. चौथ्या वर्षी कोमल शिंगाडे गेली, नववीतली. तिच्या घरी मेंढरं आहेत, बाप बारा महिने माळावर. मुलगी कमी बोलणारी, पण बोटं अशी की परीक्षकांनीही शेऱ्यात 'हात उत्तम' असं लिहिलं. पुढचं वाक्य मात्र तेच. तिलाही अण्णा बोलले. ती खाली मान घालून ऐकत राहिली आणि दुसऱ्या दिवशी पाय धुवून वर्गात हजर झाली.

कोमल गेली त्या वर्षी मला धाराशिवला कचेरीचं काम होतं, म्हणून मी स्पर्धेला जाऊन बसलो. मला रागातलं फार कळत नाही. जिथं काही कळत नाही तिथं मी मोजतो. बाकीच्या मुलांचे पाय मिनिटाला अडतीस ते चव्वेचाळीस वेळा पडत होते, कोमलचे सहासष्ट. मला वाटलं, मुलगी घाबरली.

यंदा कोमल दहावीला आली. नियमाप्रमाणं ही तिची शेवटची संधी होती, आणि आता जमलं नाही तर बापानं पेटी बंद म्हणून सांगितलं होतं. डिसेंबरच्या शेवटी अण्णांनी माझी टेप मागून घेतली, वर्गातली एक फळी मोजायची होती. टेप परत आणायला मी गेलो, तर कोमल वाजवत होती. सवयीनं मोजले. अडुसष्ट. दुसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून गेलो. सहासष्ट. इथं ना परीक्षक होते ना गर्दी, भीतीचं काही कारण नव्हतं. मी बाकीच्या मुलांचेही पाय मोजले. सगळे साठच्या वर. एवढ्या मुलांच्या पायात एकच घाई कशी असेल? चार बाजूंनी मोजूनही तीच तफावत येत असेल तर दोष जमिनीत नसतो, मोजणीच्या साखळीत असतो. हे मला माझ्या नोकरीनं शिकवलं आहे.

वर्ग सुटल्यावर मी पेटीशी बसलो. भाता पूर्ण भरला, एक पट्टी दाबून धरली आणि पाय थांबवले. सूर पाच सेकंदांत विझला. पुढच्या आठवड्यात धाराशिवला गेलो तेव्हा मंडळाच्या लोकांना विनंती करून त्यांच्या ऑर्गनवर तेच केलं. चौदा सेकंद. आमचा भाता गळत होता. गळक्या भात्याला सूर टिकवायला पाय भराभर मारावेच लागतात. अण्णांनी मुलांना महिनामहिना बसवून जे पक्कं केलं होतं ते गळक्या भात्याचं चालणं होतं. तेच पाय धाराशिवच्या धडधाकट ऑर्गनवर पडले की हवा जास्त व्हायची आणि सूर फुगायचा. आणि गळती म्हणजे बारीक फुसफुस. अण्णांच्या कानाला नेमका तोच आवाज येत नव्हता.

हे त्यांना सांगायचं कसं? हळू बोललं तर त्यांना ऐकू येणार नाही. मोठ्यानं बोललं तर सगळा वर्ग ऐकेल. तीन दिवस मी थांबलो. स्पर्धेला एकोणीस दिवस उरले तेव्हा एका कागदावर दोन रकाने आखले, एक भूम आणि एक धाराशिव, त्यांत पायांचे आकडे आणि सेकंद लिहिले, आणि खाली एकच ओळ: अण्णा, भाता कुठंतरी गळतोय असं वाटतं. कागद त्यांच्या हातात दिला आणि मी टाकीकडं बघत उभा राहिलो.

त्यांनी तो दोनदा वाचला. घडी करून खिशात घातला. मुलांना म्हणाले, आज सुट्टी. दुसऱ्या दिवशी ते आलेच नाहीत. आठ वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मुलं पाय धुवून ओल्या पायांनी व्हरांड्यात बसली आणि अंधार पडायच्या आत घरी गेली. मला वाटलं, माझ्या कागदानं एक चांगला चाललेला वर्ग बंद पाडला.

तिसऱ्या दिवशी चार वाजताच अण्णा हत्यारांची पेटी आणि उदबत्तीचा पुडा घेऊन आले. पेटीचं मागचं फळकूट काढलं. एका मुलाला पायडलवर बसवलं, कोमलला जवळ बोलावलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "माज्या कानाला बारीक आवाज येत न्हाय. तू आईक, म्या बगतो."

कोमल कान लावून बसली. अण्णा पेटलेली उदबत्ती भात्याच्या कडेकडेनं फिरवू लागले. पंक्चर बघताना ट्यूब पाण्यात फिरवतात, तशी. धूर सरळ वर जात होता. डाव्या कोपऱ्यात घडीपाशी आल्यावर तो एकदम आडवा झाला. तिथं रेक्झिनला वीतभर चीर होती. आमच्याकडच्या उन्हाळ्यानं ते वाळून तडकलं होतं. केव्हा तडकलं, देव जाणे.

अण्णांनी मुलांना विचारलं, इतकी वर्षं हा आवाज तुम्हाला येत नव्हता का? कोमल म्हणाली, "येत हुता अण्णा. आमाला वाटलं, पेटी तसाच श्वास घेती."

अण्णा खाली बसले. चिरेवर बोट ठेवत म्हणाले, "तुमचे पाय बरोबर हुते. पेटी चुकीची हुती. आन पेटी म्या केलेली हाय."

दुसऱ्या दिवशी ते बार्शीला गेले आणि तबले मढवणाऱ्याकडून बकरीचं मऊ कातडं घेऊन आले. कोपरा उसवून कातड्यानं बांधला, सरस लावला. सरस पुरता वाळायला दोन दिवस लागणार होते. मला वाटलं ते दोन दिवस विश्रांती घेतील. ते आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या बसमध्ये बसले.

वाशीला सचिनचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथली हकीकत मला सचिननंच नंतर सांगितली. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. अण्णांनी गिऱ्हाइकं जायची वाट पाहिली नाही, उभ्या उभ्या सांगितलं, की तुझ्या पायात भीती नव्हती, भाता गळत होता, मी तुला चुकीचं बोललो. सचिन ओशाळला. म्हणाला, एवढ्यासाठी इतक्या लांब कशाला आलात, फोन करायचा. अण्णा म्हणाले, "फोनवर तुजं तोंड दिसत न्हाय मला." फिरोज पुण्याला कंपनीत लागला होता, त्याला मात्र फोनच करावा लागला. अण्णांना फोनवर ऐकू येईना म्हणून बोललो मी. अण्णा शेजारी बसून एकेक वाक्य सांगत होते आणि मी ते पुढं देत होतो. फिरोज बराच वेळ हसला. मग म्हणाला, सर, अण्णांना माझा सलाम सांगा, आणि फोन ठेवू नका, जरा थांबा. तो का थांबायला सांगत होता हे त्याच्या श्वासावरून मला कळलं. अण्णांना मी फक्त सलाम सांगितला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, म्हणून अणदूरला मीही सोबत गेलो. दोन बस बदलून पोचायला पावणेपाच तास लागले. अर्चनाचं सासर खंडोबाच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर आहे. कडेवर वर्षाचं मूल घेऊन ती दारात आली आणि आम्हाला बघून घाबरली, माहेरी काही झालं की काय म्हणून. सासरे ओसरीवर होते, त्यांनी पाणी मागवलं. अण्णांनी पाणी तसंच ठेवलं आणि आधी सांगायचं ते सांगितलं. भाता, रेक्झिन, चीर, सगळं. बसमध्ये आपण काय बोललो होतो तेही जसंच्या तसं सांगितलं, सासऱ्यांसमोर.

अर्चना मुलाच्या पाठीवर हात फिरवत राहिली. मग विचारलं, "म्हंजी माजी लय बरी हुती?"

"बरी न्हाय, चांगली हुती."

ती आत गेली. सासरे गोंधळले होते. सून पेटी वाजवते हे त्यांना माहीतच नव्हतं. म्हणाले, आमच्या भजनाला दोन वर्षं पेटीवाला नाही, सोमवारी आणि गुरुवारी नुसत्या टाळांवर भागवतो, आणि ही घरात असून कधी बोलली नाही. चहा घेऊन अर्चना बाहेर आली तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, येशील का गं गुरुवारी? तिनं अण्णांकडं पाहिलं. अण्णा म्हणाले, "माज्याकडं नगं बगू. म्या एकदा सांगून चुकलोय." ती हसली. हो म्हणाली की नाही ते मला ऐकू आलं नाही, पण सासऱ्यांनी मान डोलावली.

परतताना तुळजापूरला अण्णांनी खिडकीची जागा धरली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "एक वाक्य बोललो, सायेब. आन चार वर्सं."

स्पर्धेला बारा दिवस उरले होते.

पेटी आता घट्ट झाली होती आणि कोमल पहिल्यांदा बसली तेव्हा पेटी अक्षरशः ओरडली. पाय जुन्या चालीनं पडत होते, सूर फुगत होता. अण्णा हळू म्हणायचे, ती हळू करायची, दहा सेकंदांनी पाय पुन्हा पळायचे. मी आकडे सांगत होतो. चौसष्ट, पासष्ट. तिसऱ्या दिवशी तिनं पट्ट्यांवरून हात काढून घेतले.

"अण्णा, म्या न्हाय जात. दुसऱ्या कुणाला तरी न्या."

अण्णांनी तिला समजावलं नाही. त्यांनी भलतंच विचारलं, "मेंढरांमागं चालतीस तवा पळतीस का गं?"

"न्हाय. पळलं की मेंढरं फुटत्यात."

"मग उद्या सकाळी म्या येतो माळावर."

पुढचे आठ दिवस सकाळी सात वाजता भूमच्या लोकांनी एक अजब वरात पाहिली. पुढं साठ-सत्तर मेंढरं, मागं कोमल, कोमलच्या मागं खाकी पँटीतले अण्णा. तिनं कळपाच्या चालीनं चालायचं, आणि पाय कसा उचलतो, कसा टेकतो हे ध्यानात घ्यायचं. मग संध्याकाळी तेच पाय पायडलवर ठेवायचे. मी एक दिवस गेलो. तिची पावलं मोजली तर मिनिटाला बेचाळीस भरली, दर चार पावलांना थोडं थांबून. आगारातले जुने सोबती अण्णांना रस्त्यात गाठून चिडवायचे, काय अण्णा, यष्टी सोडली आन मेंढरं धरली? अण्णा म्हणायचे, "मेंढरांना बिरेक लागत्यात. तुज्या गाडीला कदी लागले का?" कोमलचा बाप आधी लांबून बघत होता. चौथ्या दिवशी तो जवळ आला आणि त्यानं मुलीला सांगितलं, टाच आधी टेक, मग चवडा, तू चवड्यावर चालतीस म्हणून दमतीस. अण्णांनी त्याच्याकडं बघितलं आणि हात जोडले. आठ वर्षं ते मुलांना चवड्यानं पायडल दाबायला शिकवत आले होते.

बाराव्या दिवशी पाय पन्नासावर आले होते. बेचाळीसावर नाही, पन्नासावर. मी जे मोजलं ते सांगितलं.

धाराशिवला नऊ स्पर्धक होते. कोमलचा नंबर सहावा. तिचं नाव पुकारल्यावर ती मंचाकडं जायच्याऐवजी दाराकडं निघाली आणि संयोजकांना तिनं नळ कुठं आहे ते विचारलं. पाठीमागं काही मुलं हसली. ती पाय धुवून, ओढणीनं कोरडे करून आली आणि बसली. अण्णांनी पुढची खुर्ची सोडून डावीकडच्या भिंतीला लागून जागा धरली होती. तिथून वाजवणाऱ्याचे हात दिसत नाहीत, फक्त पाय दिसतात.

पहिल्याच मिनिटाला पाय सुटले. मी अठ्ठावन्न मोजले. सूर फुगला आणि एका परीक्षकानं कागदावरून मान वर केली. मी अण्णांकडं पाहिलं. त्यांना फुगलेला सूर किती ऐकू आला मला ठाऊक नाही, पण पाय दिसत होते. त्यांचे स्वतःचे पाय खुर्चीखाली हलायला लागले. टाच, मग चवडा. टाच, मग चवडा. अगदी सावकाश.

कोमलनं पाय थांबवले. षड्ज धरला होता तो तसाच धरून ठेवला आणि भात्यात जेवढी हवा होती तेवढ्यावर त्याला एकटा सोडला. सूर बारीक होत गेला. मी सेकंद मोजत होतो. नऊ, दहा, अकरा. तो आता विझणार असं वाटलं तेव्हा तिनं टाच टेकवली. लोकांना ती वादनातली जागा वाटली, दोघा-तिघांनी 'वा' म्हटलं. तिथून पुढं भूप राग शेवटपर्यंत एका चालीनं गेला. शेवटच्या मिनिटाला मी त्रेचाळीस मोजले.

तिघांत तिचं नाव होतं. दुसऱ्या फेरीत तिनं गायकाला साथ केली. गायक थांबे तिथं ती थांबे, त्याच्या पुढं एकदाही गेली नाही. निकालात तिचा दुसरा क्रमांक आला, पहिल्या आलेल्या मुलीला दीड गुण जास्त होता. मी बेरीज तपासली, बरोबर होती. कोमलचा बाप मागच्या रांगेत घोंगडी खांद्यावर टाकून उभा होता. तो पुढं आला नाही, पण घोंगडी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत राहिला. बाहेर आल्यावर त्यानं मुलीला एवढंच विचारलं, पुढच्या वर्षी ही स्पर्धा मोठ्यांची असते का?

अण्णांनी बक्षिसाच्या ढालीला हात लावला नाही. त्यांना शेरा हवा होता. 'पाय शांत. साथीची समज चांगली.' त्यांनी तो वाचला आणि सरळ परीक्षकांकडं गेले. कमी ऐकू येणारा माणूस मोठ्यानंच बोलतो, त्यामुळं सगळ्या सभागृहानं ऐकलं. "तुमी चार वर्सं खरं लिवत हुता. म्या पोरांना रागावत हुतो." परीक्षकांना संदर्भ कळला नाही. त्यांनी अण्णांना नमस्कार केला.

मे महिन्यात माझी बदली धाराशिवला झाली. भूमला घर आहे, पण जाणं महिन्यातून एकदा. मध्ये अण्णांच्या मुलानं त्यांना बार्शीच्या डॉक्टरांकडून कानाचं यंत्र आणून दिलं. त्या यंत्रातून पेटी पत्र्यावर पडणाऱ्या गारांसारखी ऐकू येते असं म्हणून ते वर्गात काढून ठेवतात. कोमल अकरावीला भूमलाच आहे, आठवड्यातून तीन दिवस लहान मुलांना ती बसवते. मुक्या पेटीचा महिना अजून आहे. पण त्याआधी आठ दिवस मुलं शाळेच्या मैदानावर नुसती चालतात.

परवा जुलैत मी गेलो होतो तेव्हा पाच वाजले होते. सातवीतली एक नवी मुलगी पेटीवर बसली होती, कोमल तिच्या शेजारी. अण्णा खाली पोत्यावर बसले होते. मुलीनं दोन-तीनदा एकच पट्टी दाबून पाहिली आणि थांबली. म्हणाली, "अण्णा, हिच्यात काय तरी किरकिरतंय."

कोमलनं कान दिला. म्हणाली, मला तर काही येत नाही. मीही ऐकलं, मलाही काही आलं नाही. मुलगी ओशाळली. असेल माझाच भास, असं काहीतरी पुटपुटून ती पुढं वाजवायला लागली.

अण्णांनी हात वर करून तिला थांबवलं. गुडघ्यावर हात टेकून उठले आणि विचारलं, "कंची पट्टी?"

तिनं बोट ठेवलं. अण्णांनी खिशातून खडू काढून त्या पट्टीवर बारीक फुली केली आणि पेटीचं झाकण उघडायला घेतलं.